शस्त्राकडून साधनाकडे : स्पर्धेच्या रायफलीची मालकी आणि पश्चिम महाराष्ट्रातील नेमबाजी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासलेखनात कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे नेमबाजीला मिळालेले नाही. वास्तविक २००२ नंतरच्या दोन दशकांत आंतरराष्ट्रीय पातळीवर या राज्याला सातत्याने यश मिळवून देणाऱ्या मोजक्या खेळांमध्ये रायफल नेमबाजीची गणना करावी लागते. या यशाचे श्रेय सामान्यतः खेळाडूची एकाग्रता, जिद्द व प्रशिक्षकाचे मार्गदर्शन यांना दिले जाते. ते योग्यच आहे. तथापि, ज्या साधनाशिवाय हा खेळ संभवत नाही, ती रायफल कोणाच्या मालकीची होती, ती कोणास बाळगता येत होती आणि ती खेळाडूच्या शरीराला जुळवून घेण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न फारसे विचारले गेलेले नाहीत.

प्रस्तुत लेखात सातारा-सांगली-कोल्हापूर हा पट्टा केंद्रस्थानी ठेवून आणि माण तालुक्यातील म्हसवडसारखे गाव नजरेसमोर ठेवून या प्रश्नांचा मागोवा घेतला आहे. नेमबाजीचा इतिहास हा बऱ्याच अंशी मालकीचा इतिहास आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बंदूक जाणणारा, पण बंदूक नसलेला प्रदेश

म्हसवड हे माणदेशातील जुने ठाणे. येथील माने देशमुखांचे घराणे आदिलशाहीच्या काळापासून लष्करी सेवेसाठी प्रसिद्ध होते. सतराव्या व अठराव्या शतकांत तलवार, भाला व तोड्याची बंदूक ही शस्त्रे वतनदार, शिलेदार आणि काही अंशी सामान्य रयत यांच्या घरी असणे ही अपवादात्मक बाब नव्हती. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारच्या जागी आलेल्या राजवटीने निःशस्त्रीकरणाचे धोरण स्वीकारले.

या धोरणाला कायद्याचे पक्के रूप १८७८ च्या भारतीय शस्त्र कायद्याने मिळाले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्यान्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. मात्र युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना नियमांद्वारे सूट देण्यात आली. हा भेदभाव भारतीयांना विशेष बोचला. १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल करण्याची मागणी करणारा ठराव केला होता. पहिल्या महायुद्धानंतर वांशिक सूट काढून टाकण्यात आली, परंतु परवान्याची चौकट कायम राहिली.

संस्थानी मुलखात चित्र थोडे वेगळे होते. म्हसवडच्या शेजारचा आटपाडीचा परिसर औंध संस्थानात होता, तर दक्षिणेस सांगली, मिरज, जत व कोल्हापूर ही संस्थाने होती. संस्थानिक व त्यांचे मानकरी यांच्याकडे शिकारीच्या उत्तम विलायती रायफली असत. नेम धरणे हे त्या वर्गात शिकारीशी व प्रतिष्ठेशी निगडित कौशल्य होते. स्वतंत्र भारतातील आंतरराष्ट्रीय नेमबाजीचा आरंभीचा चेहराही याच वर्गातून आला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला व १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले.

याउलट सातारा जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांचा बंदुकीशी संबंध आला तो सैन्यातील नोकरीमुळे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले अपशिंगे (मिलिटरी) हे गाव या परंपरेचे ठळक उदाहरण होय. माणदेशातील अवर्षणामुळेही अनेक तरुणांनी लष्कराची वाट धरली. या जवानांना रायफल उघडता, पुसता, जोडता व अचूक चालविता येत होती. पण ती सरकारची होती. सेवानिवृत्त होऊन गावी परतताना कौशल्य सोबत येई आणि साधन शस्त्रागारात राही. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या काळात याच जिल्ह्यातील क्रांतिकारकांना शस्त्रे गुप्तपणे जमवावी लागली, यावरून कायदेशीर मालकी सामान्यांपासून किती दूर होती हे ध्यानात येते.

तात्पर्य, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रदेशात रायफल हाताळणारे पुष्कळ होते. रायफल बाळगणारे थोडे होते. आणि खेळाचे साधन म्हणून तिच्याकडे पाहणारे जवळजवळ नव्हते.

संस्थांची रायफल : छात्रसेना व रायफल क्लब

स्वातंत्र्यानंतर दोन संस्थात्मक घटनांनी हे चित्र बदलण्यास प्रारंभ केला. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि .२२ बोअरची रायफल महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हाती आली. १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली व तेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. बडोदे व अहमदाबाद येथे आयुष्य गेलेल्या एका मराठी कुटुंबातील विधिज्ञाने या संघटनेचा पाया घातला, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात सुरू झाली आणि जिल्ह्यातील लष्करी परंपरेला शैक्षणिक अधिष्ठान लाभले.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने १८७८ चा कायदा रद्द केला, परंतु परवान्याचे तत्त्व कायम ठेवले. पुढे १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनपर्यंत मर्यादित झाली. मात्र केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्यास लक्ष्यभेदाच्या सरावासाठी .२२ रायफल अथवा हवेची रायफल वापरताना ही मर्यादा लागू नव्हती. संरक्षणासाठीचे शस्त्र आणि खेळाचे साधन यांतील फरक कायद्याने येथे, मर्यादित अर्थाने का होईना, मान्य केला.

छात्रसेनेतील रायफलीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. तिने असंख्य मुलामुलींची रायफलीची भीती घालविली. श्वासावर ताबा, चापावर सावकाश दाब आणि गोळ्यांचे घट्ट ग्रुपिंग हे प्राथमिक धडे तिनेच दिले. अंजली भागवत यांनी मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात छात्रसेनेच्या माध्यमातूनच या खेळात प्रवेश केला. वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा सराव सुरू झाला आणि १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळविले. संस्थेच्या सामायिक रायफलीवर प्रतिभेची ओळख पटू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु सामायिक रायफलीची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. छात्रसेनेची रायफल उंच व ठेंगण्या, डावखुऱ्या व उजव्या, अशा सर्वांसाठी एकच असते. स्पर्धेच्या रायफलीचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे.

शरीराला जुळविलेली रायफल

ही मर्यादा समजण्यासाठी स्पर्धेच्या रायफलीची घडण पाहणे आवश्यक आहे. दहा मीटर हवेच्या रायफल स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. पन्नास मीटर स्पर्धेत दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि तेथे ५.६ मिलिमीटर म्हणजे .२२ व्यासाचे काडतूस वापरले जाते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात. अशा वेळी डोळा, मागील छिद्र आणि पुढील माशी यांची रेषा प्रत्येक गोळीला तीच राहणे अनिवार्य ठरते.

ही स्थिरता साधण्यासाठी रायफलीचा दस्ता नेमबाजाच्या शरीरमापाप्रमाणे जुळविला जातो. गाल टेकविण्याच्या पट्टीची उंची, खांद्याला लागणाऱ्या भागाची लांबी व वळण, हातात धरण्याच्या मुठीचा आकार, चापाचे बोटापासूनचे अंतर, वजनाच्या पट्ट्यांची जागा हे सर्व बदलता येते. पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून व उभे राहून नेम धरावा लागत असल्याने प्रत्येक स्थितीसाठी ही मापे पुन्हा बदलतात. गंभीर नेमबाज या मापांची वही ठेवतो. रायफल दुसऱ्याने वापरली की ही जुळणी मोडते.

नळी आणि काडतूस यांचा मेळ ही दुसरी बाब होय. .२२ काडतुसांच्या एकाच कंपनीच्या निरनिराळ्या लॉटमध्ये सूक्ष्म फरक असतो आणि प्रत्येक नळीला विशिष्ट लॉट अधिक मानवतो. त्यामुळे अव्वल नेमबाज आपली नळी चाचणी केंद्रावर शिकंजात बसवून लॉटची निवड करतात. हा मेळ एका विशिष्ट रायफलीपुरताच खरा असतो. म्हणजेच स्वतःची रायफल नसलेल्या खेळाडूस हा लाभ तत्त्वतःच मिळू शकत नाही.

अशा रायफलींची निर्मिती प्रामुख्याने मध्य युरोपात होते. १८५६ मध्ये थुरिंजियात सुरू झालेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म येथे पुन्हा उभा राहिलेला आन्शुट्झ, त्याच शहरातील वाल्थर, ओबर्नडॉर्फ येथील फाइनवेर्कबाऊ, ऑस्ट्रियातील श्टायर आणि स्वित्झर्लंडमधील ब्लायकर ही यांतील प्रमुख नावे. फाइनवेर्कबाऊची १९६१ मधील हवेची रायफल या प्रकाराच्या विकासातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हवेच्या रायफलीचा समावेश झाला व महिलांसाठी स्वतंत्र रायफल स्पर्धा सुरू झाल्या. भारतीय मुलींना ऑलिंपिकचे दार येथे उघडले; पण त्या दारातून जाण्यासाठी लागणारे साधन परदेशातच होते. त्याची किंमत लाखांत होती, आयात निर्बंधित होती आणि त्यासाठी राष्ट्रीय संघटनेची शिफारस लागत असे. शिफारस मिळण्यासाठी कामगिरी हवी व कामगिरीसाठी रायफल हवी, असे हे चक्र होते.

मालकीपर्यंतचा प्रवास

हे चक्र खेळाडूंनी कसे भेदले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रांत सापडते. अंजली भागवत यांना स्वतःची पहिली रायफल १९९३ मध्ये एका सहनेमबाजाने भेट म्हणून दिली, असे त्यांच्याविषयीच्या प्रसिद्ध माहितीत नमूद आहे. राष्ट्रीय रौप्यपदक आणि स्वतःची रायफल यांत पाच वर्षांचे अंतर होते, आणि ते अंतर शासनाने किंवा संस्थेने नव्हे, तर एका व्यक्तीच्या औदार्याने संपले. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळविली. वरळीच्याच परंपरेतील सुमा शिरूर यांनी २००४ च्या क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण नोंदवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये या दोघींसह दीपाली देशपांडे याही सहभागी झाल्या.

मुंबईबाहेर या खेळाचे दुसरे केंद्र कोल्हापुरात उभे राहिले. जयसिंग कुसाळे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळविली आणि २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात ५९७ गुणांसह जगज्जेतेपद पटकाविले. नेमबाजीत जागतिक विजेती ठरलेली ही पहिली भारतीय महिला होय. संस्थानी काळात शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात एका मध्यमवर्गीय घरातील मुलीने रायफलीला नवा अर्थ दिला, हा सामाजिक बदल लक्षणीय आहे.

या प्रवासाचा पुढचा टप्पा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या खेड्यातून आला. शिक्षकाच्या घरात जन्मलेले स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून रुजू झाले आणि दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ४५१.४ गुणांसह पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक त्यांनी जिंकले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्यांच्या वडिलांनी काडतुसांच्या खर्चासाठी कर्ज काढल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले.

या घटनेस सातारा जिल्ह्याच्या इतिहासात एक पूर्वाधार आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवू शकले, ते लोकवर्गणीच्या आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभारलेल्या सात हजार रुपयांच्या आधारावर. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. दोन्ही प्रसंगी कर्ज शिक्षकी पेशातील माणसाने काढले. फरक इतकाच की, कुस्तीगिराला पैसा प्रवासासाठी लागला; नेमबाजाला तो प्रत्येक दिवसाच्या सरावासाठी, प्रत्येक गोळीसाठी लागतो.

याची तुलना अभिनव बिंद्रा यांच्याशी केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये देशाला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या बिंद्रा यांना घरच्या आवारातच सरावाची रेंज उपलब्ध होती. यामुळे त्यांच्या परिश्रमांचे मोल कमी होत नाही. मात्र साधनाची मालकी निश्चित असलेला खेळाडू आपली सर्व शक्ती खेळावर खर्च करू शकतो, एवढे त्यातून निश्चित होते.

कायद्यातील अलीकडील बदल

२०१६ च्या शस्त्र नियमांनी खेळाडूंच्या वर्गवारीला अधिक स्पष्टता दिली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली; पण फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या व ख्यातनाम नेमबाजांना एका प्रकारातील प्रावीण्यासाठी ८, दोन प्रकारांसाठी १० व त्याहून अधिक प्रकारांसाठी १२ शस्त्रे बाळगण्याची मुभा दिली. म्हणजे १८७८ मध्ये वंशावर आधारलेली सूट जवळजवळ दीड शतकानंतर कौशल्यावर आधारली गेली. कायद्याच्या दृष्टिकोनातील हे स्थित्यंतर मूलगामी आहे.

तरीही ही सूट शिखरावर पोहोचलेल्यांसाठी आहे, पायथ्याशी असलेल्यांसाठी नव्हे. अग्निशस्त्राच्या सामान्य परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे आहे. कनिष्ठ नेमबाजांसाठी प्रशिक्षणाची स्वतंत्र तरतूद असली, तरी तिचा लाभ घेण्यासाठी मान्यताप्राप्त क्लब, रेंज व कागदपत्रांची जाण आवश्यक असते. या गोष्टी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर येथे सुलभ आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल आणि गगन नारंग व पवन सिंग यांनी २०११ मध्ये पुण्यात सुरू केलेली अकादमी यांनी त्या शहरांतील मुलांना मोठा आधार दिला. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील विद्यार्थ्याला मात्र रायफलीपूर्वी एस.टी.च्या भाड्याचा व शहरातील मुक्कामाचा विचार करावा लागतो.

महाविद्यालयांची भूमिका

माणदेशाने क्रीडाक्षेत्रात आपली क्षमता वेळोवेळी सिद्ध केली आहे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. धावण्यासाठी माळरान पुरले; नेमबाजीसाठी ते पुरत नाही. म्हणूनच या खेळात संस्थेचा सहभाग अपरिहार्य ठरतो.

येथे हवेच्या रायफलीचे महत्त्व पुढे येते. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या व २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीस शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची हवेची रायफल या मर्यादेच्या बरीच आत असते. तिच्या सरावाला दहा मीटरचे अंतर पुरते आणि सुरक्षिततेची योग्य व्यवस्था केल्यास महाविद्यालयाच्या बंदिस्त सभागृहातही ते उपलब्ध होऊ शकते. .२२ काडतुसाच्या तुलनेत छऱ्यांचा खर्चही पुष्कळ कमी असतो.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शैक्षणिक आवारात रायफल आणणे अनिष्ट होय. शस्त्र म्हणून रायफलीविषयी सावधगिरी बाळगलीच पाहिजे. परंतु छात्रसेनेच्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवाने शिस्तबद्ध व नोंदीखालील वापर शक्य असल्याचे दाखविले आहे. दुसरा आक्षेप असा की, सामायिक साधनांवरही प्रतिभा प्रकट होते. १९८८ चे उदाहरण या मताला पुष्टी देते. पण तेच उदाहरण १९९३ पर्यंत पाहिल्यास उलट निष्कर्ष निघतो. सामायिक रायफल प्रतिभा दाखवून देते. तिला पूर्णत्वास नेण्यासाठी स्वतंत्र रायफल लागते. महाविद्यालयाने रायफल खरेदी केल्यास ती निवडक विद्यार्थ्याला एका वर्षासाठी नावाने नेमून देणे, तिची मापे त्याच्या शरीराप्रमाणे जुळविणे व त्याची नोंदवही ठेवणे, एवढ्याने कायदेशीर मालकी संस्थेकडे राहूनही वापरातील मालकी खेळाडूला मिळू शकते.

निष्कर्ष

पश्चिम महाराष्ट्रातील रायफलीच्या इतिहासात चार अवस्था दिसतात. शिलेदाराची घरची बंदूक, सरकारची लष्करी रायफल, संस्थेची सामायिक रायफल आणि खेळाडूच्या शरीराला जुळविलेली स्वतःची रायफल. पहिल्या तीन अवस्था या प्रदेशाने सर्वदूर अनुभवल्या. चौथी अवस्था काही शहरांपुरती व काही कुटुंबांपुरती मर्यादित राहिली आहे आणि तेथे पोहोचलेल्यांपैकी अनेकांना ती भेट, कर्ज किंवा नोकरी यांच्या आधारे गाठावी लागली.

वरळी, कोल्हापूर व कांबळवाडी येथील यशाचा अर्थ केवळ व्यक्तिगत पराक्रम असा लावल्यास त्यामागील साधनांचा प्रश्न झाकला जातो. प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले, ही घटना महाविद्यालयीन इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. तिचा खरा सन्मान पुढच्या प्राचार्याला किंवा पुढच्या पालकाला तसे करावे लागू नये, अशी व्यवस्था उभारण्यात आहे. म्हसवडच्या एखाद्या विद्यार्थिनीचा नेम अचूक आहे हे कळण्यासाठी छात्रसेनेची रायफल पुरेशी आहे. तो नेम पुढे कोठवर जाईल, हे मात्र तिच्या मापाची रायफल तिच्या हाती केव्हा येते यावर अवलंबून राहील.